मांजराच्या टबाचा वास: लिटर कोणतं, पाणी किती, चुकतंय कुठं?

टिनावरची_मनी (छत्रपती संभाजीनगर)

दोन मांजरं, दोन्ही घरातच राहतात. एक भाटी, एक बोका. बोक्याची नसबंदी झालेली नाही. दोघांच्या शी-शूचा टब एकच, ३० बाय ४० सेंमी, पश्चिमेच्या गॅलरीत. बेंटोनाइटचं लिटर, म्हणजे टबात पसरायची, लघवीनं गोळा होणारी माती, दोन बोटं थर. दिवसाआड गोळे काढते, दर रविवारी सगळं टाकून टब फिनेलनं धुते. तरी चैत्र लागल्यापासून गॅलरीचं दार उघडलं की नाकाला झोंबतंय. सुगंधी लिटर आणलं तर भाटी टब सोडून शेजारी फरशीवर बसायली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळं रोज टब धुणं जमणार नाही. नेमकं काय बदलू?

करवत

टबापासून सुरू करा, तो लहान आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर मोजा आणि टबाची लांबी त्याच्या दीडपट ठेवा. साधं देशी मांजर ४५ सेंमीच्या आसपास भरतं, म्हणजे टब ६५ ते ७० सेंमी हवा. दुकानात मांजराचा ट्रे म्हणून जो देतात तो बहुतेक वेळा पिल्लाच्याच मापाचा असतो. मोठं मांजर त्यात वळू शकत नाही, मग काठावर उभं राहतं आणि धार बाहेर जाते.

कपडे-अंथरूण ठेवायचा झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा आणा. झाकण बाजूला ठेवा. पुढच्या आखूड बाजूला तळापासून १२ ते १५ सेंमी उंची सोडून, २५ सेंमी रुंद खाच कापा. कापायच्या आधी खाचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत भोक पाडून घ्या, नाहीतर प्लास्टिक कोपऱ्यातून तडकत जातं. मग हॅक्सॉ ब्लेडनं कापून कडा पॉलिश पेपरनं घासा. बाकी तीन भिंती ३० सेंमीच्या वर राहिल्या की उकरलेलं लिटर बाहेर पडत नाही. म्हाताऱ्या मांजरासाठी खाच ७-८ सेंमीवर घ्या. गवंड्याचं प्लास्टिकचं घमेलं फक्त पिल्लांना ठीक, ते उथळ आणि तिरपं असतं.

टबांची संख्या: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. तीन मावत नसतील तर निदान दोन मोठे ठेवा, पण दोन वेगळ्या खोल्यांत. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन टब मांजर एकच धरतं आणि वरचढ मांजर दोन्ही अडवून बसतं.

बेंटोनाइट_भाऊ

पुढं जाण्याआधी एक घोटाळा मिटवू. लिटर म्हणजे टबातला माल आणि लिटर म्हणजे पाण्याचं मापही. इथून पुढं पाणी तांब्यानं मोजू. एक तांब्या म्हणजे साधारण लिटरभर.

आता थर. दोन बोटं म्हणजे तीन-चार सेंमी. एवढ्यात लघवी थेट तळाला पोचते, तिथं गोळा न होता पापुद्रा धरतो आणि प्लास्टिकला सिमेंटसारखा चिकटतो. तो खरवडला की टबाला ओरखडे, ओरखड्यात लघवी, आणि तो वास धुतल्यावरही जात नाही. थर ६ ते ७ सेंमी हवा. ६० बाय ४० च्या तळाला सुमारे १४ किलो लागतं. पहिल्यांदा खर्च मोठा वाटतो, पण नंतर रोज जेवढं काढलं तेवढंच वर टाकायचं असतं. दर रविवारी सगळं फेकायची गरजच नाही. रोज नीट काढलं तर एका मांजराचा टब तीन ते चार आठवडे चालतो, दोघांचा दोन.

गोळा लगेच काढू नका. ओला असताना फुटतो आणि त्याचे तुकडे चाळणीतून खाली पडून सगळ्या लिटरला वास लावतात. १५-२० मिनिटांत घट्ट होतो, मग काढा. खालून आणि बाजूनं झारा घाला, वरून उपसू नका. बाजारातल्या प्लास्टिकच्या खोऱ्याऐवजी स्टीलचा तळणाचा झारा भारी, फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून दांड्याला लाल चिकटपट्टी मारा.

अमोनिया_वेताळ

दिवसाआड काढणं, खरी चूक ही. ताज्या लघवीला वास बेताचाच असतो. तिच्यातल्या युरियावर जिवाणू बसतात, त्यांचं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) युरियाचा अमोनिया करतं. हे काम उष्णतेत झपाट्यानं होतं. पश्चिमेची गॅलरी, बाहेर ४१-४२ अंश, काळ्या-निळ्या प्लास्टिकचा टब, म्हणजे जिवाणूंना विरजण लावायला कोमट दूधच दिलं. हिवाळ्यात दिवसाआड खपून गेलं असेल, एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ दोनदा काढावं लागतं. आणि टब गॅलरीतून आत, सावलीच्या, हवा खेळणाऱ्या जागी घ्या. न्हाणीघराबाहेरचा बोळ चालतो. जेवणाची वाटी आणि टब यांत जमेल तेवढं अंतर ठेवा. वॉशिंग मशीनशेजारी नको, ते एकदा घरघरलं की मांजर पुन्हा तिकडं फिरकत नाही.

बोक्याचा मामला वेगळा. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, नसबंदी न झालेल्या बोक्यात ते कितीतरी जास्त. ते मोडलं की गंधकाचे वासट पदार्थ तयार होतात, तोच तो 'बोक्याचा वास'. त्याला कोणतंही लिटर पुरं पडत नाही. नसबंदीनंतर काही आठवड्यांत वास उतरतो, भिंतीवर शेपटी थरथरवत फवारे मारणंही बहुतेक वेळा थांबतं. पाच-सहा महिन्यांच्या वयात करून घेतली तर ती सवय लागतच नाही.

उकिरडा

गावाकडं सोपं आहे बगा. घमेल्यात चुलीची राख टाकायची, वर चिमूटभर चुना. फुकटात काम होतंय. एवढा खटाटोप कशाला?

अमोनिया_वेताळ

राखेला आणि चुन्याला माझा ठाम विरोध, आणि कारण साधं आहे. दोन्ही क्षारधर्मी. आम्लात अमोनिया बांधलेला राहतो, क्षारात सुटून हवेत येतो. शाळेत नवसागर आणि चुना तळहातावर चोळून नाकाला लावायला द्यायचे, आठवतंय? डोळ्यांत पाणी येतं तो हाच अमोनिया. राखेचंही तेच. कोरडी राख विष्ठा झाकते, म्हणून वास गेल्यासारखा वाटतो, पण लघवीनं ओली झाली की उलट झोंबते. शिवाय ओल्या राखेचा आणि चुन्याचा सामू इतका वर जातो की पंजाची कातडी सोलवटते, आणि मांजर पंजे चाटतं, म्हणजे तोंडही भाजतं.

हेच धुण्याच्या सोड्याला लागू. खाण्याचा सोडा वेगळा, तो सौम्य आहे. तळाशी दोन-तीन चमचे पसरला तर अपाय नाही, पण १४ किलो मालात तीन चमच्यांनी फार काही होतं असंही नाही. पैसे घालायचेच तर दाणेदार ॲक्टिव्हेटेड कोळशावर घाला. चुलीतला कोळसा कुटून टाकू नका, काळे पंजे घरभर उमटतील.

उकिरडा

नवसागराचं पटलं. मग काळी माती? आमच्याकडं ती रग्गड. बेंटोनाइट म्हणजे तरी मातीच की.

बेंटोनाइट_भाऊ

प्रश्न वाटतो त्याहून चांगला आहे. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, आणि आपल्या कापसाच्या काळ्या मातीतली फुगणारी चिकणमाती त्याच कुळातली. म्हणून तर पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण लिटरला लागतं ते सोडियम बेंटोनाइट, जे पाणी पिऊन कित्येक पट फुगतं आणि दाण्याला दाणा चिकटून घट्ट गोळा होतो. कच्छकडून येणारा माल त्या जातीचा. काळ्या मातीत कॅल्शियम जास्त, शिवाय गाळ, चुनखडी आणि कुजलेलं सेंद्रिय द्रव्य मिसळलेलं. तिचा गोळा होत नाही, राड होते. ती पंजाला लागते, सुकली की धूळ उडते. शेतातून उचललेल्या मातीत जंतांची अंडीही असू शकतात. वाळू निथळते पण शोषत नाही, लघवी तळाशी साठते.

चिपाड

बाकी पर्यायांचं थोडक्यात सांगतो. लाकडाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, आपल्या कोरड्या हवेला उत्तम. लघवी लागली की गोळीचा भुसा होतो. चाळणीचा दुहेरी टब घ्यायचा, वर गोळ्या, खाली रिकामा ट्रे. रोज हलवलं की भुसा खाली पडतो. थर अडीच सेंमी पुरे, ६० बाय ४० ला चार किलोच्या आत. मात्र बॉयलरसाठी विकतात त्या शेतकचऱ्याच्या गोळ्या मांजराला नकोत, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

सॉ मिलचा भुसा चालतो, पण फक्त अख्ख्या लाकडाचा. प्लायवूड-एमडीएफच्या कारखान्यातला नको, त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. मैद्याच्या चाळणीतून बारीक धूळ काढून टाका आणि दोन दिवस उन्हात वाळवा. गोळा होत नसल्यानं तीन-चार दिवसांनी सगळा बदलावा लागतो. उसाचं चिपाड टाळा. नाव माझं चिपाड असलं तरी सांगतो, त्यात थोडी साखर उरते, मुंग्या लागतात आणि ओलाव्यात बुरशी.

टोफू लिटर म्हणजे सोयाबीनचा चोथा. लातूरच्या बाजारात सोयाबीन पोत्यानं ओतायचं आणि चोथा पुड्यांत महाग घ्यायचा, असा उलटा व्यवहार. हलकं आहे, धूळ कमी, गोळा बरा होतो. पण पावसाळ्यात बुरशी धरतं आणि पुडा उघडा राहिला तर किडे होतात. झाकणाच्या डब्यात ठेवा, टबात दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. सिलिका स्फटिक लघवी छान शोषतात, पण रोज ढवळावे लागतात. न ढवळता एकाच कोपऱ्यात पिवळे पडले की तिथून वास सुरू.

तीन-चार महिन्यांखालच्या पिल्लांना गोळा होणारं बेंटोनाइट देऊ नका. पिल्लं ते चाटतात, खातात, आणि ते पोटात फुगतं. त्यांना लाकडाच्या गोळ्या किंवा कागदाचं लिटर.

तांब्याभर

टंचाईतली सफाई. एका टबाला पाच तांबे पुरतात, क्रम मात्र पाळा.

आधी पाणी लावायचंच नाही. टब रिकामा करून उन्हात तासभर ठेवा. चिकटलेले पापुद्रे सुकून आक्रसतात, मग प्लास्टिकच्या पट्टीनं निघतात. धातूची उलथणी किंवा तारेची घासणी नको. ओल्या बेंटोनाइटवर पाणी ओतलंत तर तो गिलावा फुगून पसरतो आणि दहा तांबेही कमी पडतात. सुकी धूळ कागदानं पुसून घ्या.

मग एक तांब्या गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवून तळावर ओता. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. २० मिनिटं ठेवा, मधेच टब तिरपा करून कडांनाही लावा. बोअरच्या जड पाण्यानं टबाला जो पांढरा खडबडीत थर चढतो तो यानं सुटतो. बरेच जण त्याला डाग समजून सोडून देतात, पण लघवीतले क्षार त्याच थरात अडकून बसतात. नवा टब चार महिन्यांत वासट होतो त्याचं कारण बहुधा हाच थर.

नंतर एक तांब्या पाण्यात बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दहा-बारा थेंब, मऊ घासणी. शेवटी तीन तांबे साधं पाणी, एकदम न ओतता तीनदा एकेक. पाणी संडासात टाका, पण आधी सगळी माती निघालेली हवी. बेंटोनाइट नळीत गेलं की आतच फुगून बसतं, मग ती नळी फोडावी लागते. टब पूर्ण वाळल्याशिवाय लिटर भरू नका, ओल्या तळाला पहिला थर तिथंच चिकटतो. ओरखडे फार झाले की टब बदला. वर्षभर गेला तर भरपूर.

तांब्याभर

फिनेलचं वर कुणीच बोललं नाही, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. काळं फिनेल बंद करा, आजच. त्यात फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, आणि ती निकामी करणारं विकर मांजराच्या यकृतात नीट चालत नाही. माणसाला, कुत्र्याला जे सोसतं ते मांजराला सोसत नाही. पांढरं फिनेल, निलगिरी-गवती चहाची तेलं, कापूर, टबाशेजारी ठेवलेल्या डांबरगोळ्या, सगळं त्याच रांगेत. तुमची भाटी सुगंधी लिटर सोडून फरशीवर गेली तेही नाकामुळंच. मांजराला टब सुगंधी नको, बिनवासाचा हवा.

ब्लीचची गरज नाही. वापरणार असाल तर लघवीवर कधीच ओतू नका, अमोनियाशी मिळून क्लोरामाइन वायू होतो. ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरबरोबर किंवा वरच्या लिंबूसत्वाबरोबर मिसळलं तर क्लोरीन. बंद न्हाणीत दोन्ही घातक.

टिनावरची_मनी

फिनेल बंद केलं. फरशीवर जिथं बसायली तिथं शहाबादी आहे. व्हिनेगरनं पुसू का?

करवत

अजिबात नको! शहाबादी म्हणजे चुनखडक. व्हिनेगर, लिंबूसत्व, कुठलंही आम्ल लागलं की फेस येतो आणि पॉलिश उडून खडबडीत डाग राहतो. कडप्प्याचंही तसंच. दगडाला सच्छिद्रपणा आणि सांधे, लघवी आत मुरते. आधी जुन्या कपड्यानं दाबून टिपा, घासू नका. मग विकराचं म्हणजे एन्झाइम क्लीनर सांध्यांसह भरपूर ओता. ओलं राहील असं १५ मिनिटं ठेवा, वरून प्लास्टिक झाकलं तर उन्हाळ्यात सुकत नाही. टिपून घ्या आणि वाळू द्या. त्या जागी आधीचं फिनेल उरलं असेल तर विकर काम करत नाही, म्हणून पहिल्यांदा दोनदा साध्या पाण्यानं पुसा. वाळल्यावर त्याच जागी आठवडाभर टब ठेवा, मग रोज वीतभर सरकवत हव्या त्या कोपऱ्यात न्या.

चिपाड

कूलरचंही पाहा. कूलरच्या झोतात टब असेल तर घरभर वास आणि धूळ. शिवाय दमट हवेनं टोफू, लाकूड दोन्ही आधीच ओलावतात आणि लघवी शोषायला जागा उरत नाही. टब कूलरच्या विरुद्ध बाजूला, हवा बाहेर जाते त्या खिडकीपाशी. पावसाळ्यात माशा अंडी घालतात, तेव्हा विष्ठा दिसली की लगेच उचला.

पांढरकोट

झारा हातात असतो तोच मांजराची तब्येत पाहतो. मोठ्या निरोगी मांजराचे दिवसाला लघवीचे दोन ते चार गोळे निघतात. रोज तेवढेच, साधारण त्याच आकाराचे. अचानक गोळे खूप मोठे आणि जास्त व्हायला लागले तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी. चणे-वाटाण्याएवढे बरेच गोळे म्हणजे मूत्राशयाचा त्रास. आणि बोका पुन्हापुन्हा टबात जाऊन कुंथतोय पण गोळा नाही, तर मूत्रमार्ग तुंबलाय असं धरा. बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो, त्याच दिवशी डॉक्टर. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्या भागातल्यांनी तिथला दवाखाना लक्षात ठेवावा.

टोक्सोप्लाझ्मा, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणारा सूक्ष्म परजीवी, त्याबद्दल: विष्ठेतून पडलेली त्याची अंडी एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणजे २४ तासांच्या आत विष्ठा उचलली तर धोका फार कमी होतो. तरी गरोदर बाईनं टब साफ करू नये. दुसरं कोणीच नसेल तर हातमोजे, नंतर साबणानं हात. ब्लीचनं ही अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्यानं मरतात. म्हणून तांब्याभर यांच्या शेवटच्या तीन तांब्यांतला पहिला उकळता घेतला तर उत्तम, जाड प्लास्टिकला तो सोसतो.

उकिरडा

मग काढलेलं टाकायचं कुठं? उकिरड्यावर गेलं की खतात जाईल.

पांढरकोट

नाव बदला आधी. 😀 उकिरड्यावर नको, परसातल्या भाजीच्या वाफ्यातही नको, कारण ही अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात. आणि शेळ्या असतील तर आणखी जपा. टोक्सोप्लाझ्मानं शेळ्या-मेंढ्या गाभडतात. उस्मानाबादी शेळ्यांचा गोठा, कडब्याची गंजी, दावणीची जागा यांच्या आसपास मांजराची विष्ठा पडता कामा नये. गावात दीड-दोन फूट खड्डा, विहीर-बोअरपासून लांब, रोज टाकून वर माती. शहरात वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, खूण करून, घंटागाडीला ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळं द्या. नुसतं कॅरीबॅगमध्ये उघडं दिलं तर ते कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागतं.

टिनावरची_मनी

दोन मोठे डबे कापले, थर सात सेंमी, दोनदा काढणं सुरू. गॅलरीचा वास गेला. पण बोका नव्या डब्यात जातोय, भाटी जुन्याच ट्रेकडं बघायली. तिच्यासाठी लाकडाच्या गोळ्या आणल्यात.

करवत

एका वेळी एकच बदल. डबा नवा, माल नवा, जागा नवी असं तिन्ही एकदम दिलं तर मांजर अडतं. जुना ट्रे नव्या डब्याच्या आत ठेवा, तीन-चार दिवस तसाच. मग ट्रे काढून त्यातलं जुनं लिटर, लघवीच्या एखाद्या गोळ्यासकट, डब्यात ओता. लाकडाच्या गोळ्या त्यानंतर, बेंटोनाइटमध्ये पाव हिस्सा मिसळून सुरुवात, दर तीन दिवसांनी पाव हिस्सा वाढवत. मिसळलेल्या काळात चाळणीचा ट्रे काम करत नाही, भुसा आणि गोळे एकत्र अडकतात, तेवढे दिवस झारा वापरा. आणि अर्ध्यावर तिनं पुन्हा फरशी धरली तर गोळ्यांचा नाद सोडून बेंटोनाइटवरच राहा.

बेंटोनाइट_भाऊ

+१. गोळ्या उरल्या तर पहिल्या पावसात पायपुसण्याखाली पसरा, चिखल मस्त शोषतात.